हावड्याच्या हवेतील परागकण कोण मोजणार?

हावडा : राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमासाठी निवडलेल्या देशातील १३० शहरांमध्ये हुगळीच्या दोन्ही तीरांवरील कोलकाता आणि हावडा या शहरांचा समावेश आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे उद्दिष्ट पुढे वाढवण्यात आले. २०१७-१८ च्या तुलनेत २०२५-२६ पर्यंत ‘पीएम १०’ या धूलिकणांचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत कमी करावे किंवा राष्ट्रीय मानकाची पातळी गाठावी, असे ते उद्दिष्ट आहे. घुसुरी, पद्मपुकुर आणि बेलूर मठ येथील स्वयंचलित केंद्रे हावड्याच्या हवेचे आकडे सतत नोंदवीत असतात. फाउंड्र्यांचा धूर, मालमोटारींची वर्दळ आणि हिवाळ्यात साचून राहणारे धुके यांचा हिशेब या आकड्यांतून बऱ्यापैकी लागतो. मात्र याच हवेतून वर्षभर वाहणारा आणि अनेकांच्या नाका-फुफ्फुसांना थेट त्रास देणारा एक घटक या आकड्यांत कोठेही उमटत नाही. हा घटक म्हणजे वनस्पतींचे परागकण.

देशाच्या हवा गुणवत्ता मानकांत २००९ पासून १२ प्रदूषकांची नोंद आहे, तर दैनंदिन निर्देशांक आठ प्रदूषकांवर बेततो. परागकण दोन्हींत नाहीत. स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या उद्दिष्टाचा कालावधी पूर्ण होत असताना यापुढे हवेत काय मोजायचे, हा विचार आता अपरिहार्य आहे. त्या विचारात परागकणांना जागा द्यायची असेल, तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागेल. परागकण मोजण्याआधी ओळखावे लागतात, आणि ती ओळख अजूनही मुख्यतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या प्रशिक्षित माणसावर अवलंबून आहे. अशी माणसे घडवण्यासाठी लागणारी सामग्री हावड्याइतकी देशात क्वचितच कोठे असेल.

वजनाच्या काट्यात न सापडणारा कण

परागकण हवामापन केंद्रांच्या आकड्यांत का दिसत नाहीत, याचे पहिले कारण आकाराचे आहे. ‘पीएम १०’ म्हणजे सुमारे दहा मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे कण. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बहुतेक परागकण १५ ते ६० मायक्रॉनच्या दरम्यान असतात. गवताचा कण साधारण ३० ते ४० मायक्रॉनचा, मक्याचा त्याहून पुष्कळ मोठा आणि जास्वंदीचा तर १०० मायक्रॉनच्याही पुढचा असतो. हवामापन यंत्राच्या तोंडाशी मोठे कण बाजूला सारण्याची व्यवस्था असते. म्हणजे परागकण यंत्राच्या दारातूनच परत फिरतात.

दुसरे कारण वजनाचे आहे. धूलिकणांचे प्रमाण घनमीटर हवेतील मायक्रोग्रॅममध्ये सांगितले जाते आणि ‘पीएम १०’ची चोवीस तासांची राष्ट्रीय मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. ब्रिटनमध्ये गवताच्या परागकणांची संख्या घनमीटरमागे ५० वर गेली, की ती पातळी ‘उच्च’ समजतात आणि रुग्णांना सावध केले जाते. ३५ मायक्रॉन व्यासाच्या अशा ५० कणांचे एकत्रित वजन ढोबळ हिशेबाने जेमतेम एक मायक्रोग्रॅम भरते. यंत्राने हे कण आत घेतले असते, तरी १०० च्या मर्यादेपुढे या एकाची दखल कोणी घेतली नसती. धुराचा अपाय बऱ्याच अंशी त्याच्या प्रमाणावर ठरतो. परागकणाचा अपाय मात्र त्याच्या जातीवर आणि श्वास घेणाऱ्याच्या शरीरावर ठरतो. एखाद्याला गवताचे थोडेसे कण शिंकांनी बेजार करतात, तर शेजारच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून येथे किती कण आहेत एवढे सांगून भागत नाही. ते कोणाचे आहेत, हे सांगावे लागते.

१८७३ सालचे कलकत्ता

हवेतील सूक्ष्म कण ओळखण्याच्या शास्त्रात या शहराचे स्थान जुने आहे. वैद्यकीय सेवेतील अधिकारी डेव्हिड डग्लस कनिंगहॅम यांनी कलकत्त्यातील तुरुंगांच्या आवारातील हवेचे नमुने घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. वाऱ्याच्या दिशेला तोंड फिरवणारे नळीसारखे उपकरण आणि त्यात बसवलेली चिकट काच, अशी त्यांची साधने होती. काचेवर अडकलेले परागकण, बुरशीचे बीजाणू आणि इतर कण त्यांनी बारकाईने रेखाटले. ‘मायक्रोस्कोपिक एक्झामिनेशन्स ऑफ एअर’ हा त्यांचा अहवाल १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. वायुजीवशास्त्राच्या इतिहासात या अहवालाचा उल्लेख आजही आवर्जून होतो.

तुरुंगाची निवड करण्यामागे व्यवहारी कारण होते. कैद्यांच्या आजारपणाची नोंद रोजच्या रोज ठेवली जात असे. हवेतील कणांची संख्या आणि तापाचे व पटकीचे रुग्ण यांचा ताळमेळ लागतो का, हे कनिंगहॅम यांना पाहायचे होते. तो लागला नाही. पटकी हवेतून नव्हे, तर दूषित पाण्यातून पसरते, हे आज सर्वज्ञात आहे. तो काळ मात्र दूषित हवेलाच अनेक रोगांचे मूळ मानणारा होता. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात येऊन पटकीच्या जंतूवरील आपले संशोधन पूर्णत्वास नेले, ते १८८४ मध्ये.

योगायोग असा, की १८७३ मध्येच इंग्लंडमधील मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकले यांचे ‘हे फीव्हर’वरील संशोधन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांना स्वतःला दर उन्हाळ्यात शिंकांचा त्रास होत असे. चिकट काचा उघड्यावर ठेवून आणि पतंगाला बांधून उंचावर पाठवून त्यांनी हवेतील गवताचे परागकण मोजले, तेच कण स्वतःच्या त्वचेवर व नाकात घालून पाहिले, आणि आजाराचे कारण परागकण असल्याचे दाखवून दिले. कलकत्ता आणि मँचेस्टर येथील साधने जवळपास सारखीच होती. ब्लॅकले यांच्या हाती कण, त्याची वनस्पती आणि त्यातून होणारा विशिष्ट आजार यांची साखळी होती. तिच्यावाचून कणांच्या संख्येला अर्थ येत नाही. दीडशे वर्षांनंतरही हावड्यातील प्रश्न हाच आहे.

काचपट्टीवर काय दिसते

आज जगभर वापरले जाणारे परागसापळे मुख्यतः ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एम. हर्स्ट यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या रचनेवर आधारलेले आहेत. पंप मिनिटाला दहा लिटर हवा एका अरुंद फटीतून आत ओढतो. फटीसमोर चिकट फीत गुंडाळलेले पिंप असते आणि ते तासाला दोन मिलिमीटर या गतीने फिरते. आठवड्याने फीत काढून तिचे दिवसवार तुकडे करतात, रंजकद्रव्याने रंगवतात आणि काचपट्टीवर बसवतात. दिवसभरात १४.४ घनमीटर हवा फितीवरून जाते. फितीच्या एका दिवसाच्या तुकड्यावर गवताचे ७२० कण आढळले, तर घनमीटरमागे ५० कण, असा साधा हिशेब होतो. फीत तासागणिक पुढे सरकत असल्याने सकाळी कण जास्त होते की सायंकाळी, हेही कळते.

या क्षेत्रात महाराष्ट्राचे योगदानही मोलाचे आहे. तेव्हाच्या औरंगाबादेतील मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. एस. टी. टिळक यांनी भारतीय परिस्थितीला परवडेल असा, विजेवर चालणारा आणि आठ दिवसांचे नमुने सलग घेणारा ‘टिळक एअर सॅम्पलर’ तयार केला. आयात यंत्रे दुर्मीळ असण्याच्या काळात अनेक अभ्यासकांनी हवेतील बीजाणू आणि परागकणांच्या नोंदींसाठी त्याचा वापर केला.

यंत्राचे काम येथे संपते आणि डोळ्याचे सुरू होते. चारशेपट मोठ्या दिसणाऱ्या क्षेत्रात परीक्षक कणाचा आकार, त्याच्या कवचावरील छिद्रे, खाचा आणि नक्षी पाहतो. गवताचा कण गोल असतो आणि त्यावर कडे असलेले एकच छिद्र असते. राजगिरा आणि चाकवत यांच्या कुळातील कणांवर सर्व बाजूंनी छिद्रे असल्याने ते गोल्फच्या चेंडूसारखे दिसतात. सूर्यफूल व गाजरगवताच्या कुळातील कण काटेरी असतात. नारळ, ताड, शिंदी यांचे कण लांबट होडीसारखे आणि एकाच लांब खाचेचे असतात. निलगिरीचा कण त्रिकोणी, तर लव्हाळ्याच्या कुळातील कण पेरूसारखा एका टोकाला निमुळता असतो. बाभळीच्या वर्गातील कण एकेकटे न राहता गठ्ठ्याने हिंडतात.

हे ऐकायला सोपे वाटते, तितके प्रत्यक्षात नसते. कण आडवा पडला, तर छिद्र दिसत नाही. पाणी शोषून तो फुगतो, उन्हात आकसतो. हावड्यासारख्या शहरात त्यावर काजळी बसलेली असते. बंगालच्या दमट हवेत परागकणांपेक्षा बुरशीचे बीजाणू कितीतरी अधिक असतात आणि त्या गर्दीतून परागकण वेगळे काढावे लागतात. शिवाय काही मर्यादा या पद्धतीतच आहेत. भाताचा कण, दूर्वेचा कण आणि बांबूचा कण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली खात्रीने वेगळे करता येत नाहीत, कारण तिन्ही एकाच तृणकुळातील आहेत. अशा वेळी प्रामाणिक परीक्षक ‘तृणकुळ’ एवढेच लिहितो आणि पुढचा निष्कर्ष परिसरात त्या दिवसांत काय फुलले होते, यावरून काढतो. म्हणून चांगल्या परागतज्ज्ञाला प्रयोगशाळेइतकीच आसपासच्या शेता-माळांची माहिती असावी लागते. एका दिवसाची काचपट्टी तासाभरापेक्षा कमी वेळात क्वचितच नीट वाचून होते. वर्षाला अशा ३६५ पट्ट्या होतात.

शिबपूरचा ठेवा

ओळख पटवायची, तर पडताळणीला खात्रीचा नमुना हवा. गुन्हेशाखेकडे बोटांच्या ठशांचा संग्रह असतो, तसा परागतज्ज्ञाकडे नाव निश्चित असलेल्या वनस्पतींच्या परागकणांच्या काचपट्ट्यांचा संग्रह असावा लागतो. या दृष्टीने हावड्याचे महत्त्व असाधारण आहे. रॉबर्ट किड यांनी १७८७ मध्ये शिबपूर येथे हुगळीच्या काठी वनस्पती उद्यानाचा पाया घातला. आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यान या नावाने ते आज ओळखले जाते. विल्यम रॉक्सबर्ग १७९३ मध्ये या उद्यानाचे प्रमुख झाले. पुढे १८९० मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली आणि तिचा केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रह याच आवारात आहे. वाळवून, कागदावर चिकटवून, नाव-स्थळ-दिनांकासह जपलेले सुमारे २० लाख नमुने तेथे आहेत.

शिंदीच्या शास्त्रीय नावाला रॉक्सबर्ग यांचे नाव जोडलेले आहे. महाराष्ट्रात वावळ म्हणून परिचित असलेल्या वृक्षाच्या शास्त्रीय नावातही ते आहे. दोन्ही झाडांचे पराग आज भारतातील प्रमुख ॲलर्जीकारक परागांत गणले जातात. ज्यांनी ही झाडे शास्त्राच्या वहीत नोंदवली, त्यांना पुढे त्यांचा दम्याशी संबंध जोडला जाईल, याची कल्पना असणे शक्य नव्हते. नोंदी नीट ठेवल्या, की त्यांचा उपयोग पुढच्या पिढ्यांना अनपेक्षित रीतीने होतो, एवढाच याचा अर्थ.

वाळलेल्या नमुन्यातील परागकणही कामी येतात, याला रासायनिक कारण आहे. परागकणाचे बाह्यकवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचे असते आणि ते निसर्गातील अत्यंत चिवट पदार्थांपैकी एक आहे. तीव्र आम्लातही कवचाची नक्षी शाबूत राहते. स्वीडनचे गुन्नर एर्डमन यांनी रूढ केलेल्या पद्धतीत आम्लाने कणाचा अंतर्भाग नाहीसा करून स्वच्छ कवच पाहिले जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यातील एका परागकोशातूनही आजच्या हवेतील कण पडताळण्याजोगा पुरावा मिळू शकतो.

हुगळीपलीकडे कोलकात्यात १९१७ मध्ये स्थापन झालेल्या बोस संस्थेत परागकणांच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा आहे. सुनिर्मल चंदा आणि त्यांच्यानंतर स्वाती गुप्ता भट्टाचार्य यांच्यासह अनेक संशोधकांनी बंगालच्या हवेतील परागकणांची नोंद केली आणि नारळ, ताड, शिंदी, सुपारी या वृक्षांचे पराग संवेदनशील व्यक्तींमध्ये ॲलर्जी उत्पन्न करतात, हे दाखवले. अंगणातल्या सदाफुलीच्या परागातील एका ॲलर्जीकारक प्रथिनाची ओळख या संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. थोडक्यात, एका तीरावर वनस्पतींचा संग्रह आहे आणि दुसऱ्या तीरावर ॲलर्जीचे संशोधन आहे. उणीव आहे ती या दोहोंना जोडून रोजच्या रोज नागरिकांपर्यंत आकडा पोहोचवणाऱ्या व्यवस्थेची.

संशयित कोण, दोषी कोण

ही व्यवस्था नसली, की जागा अंदाज घेतो. शरद ऋतूत दुर्गापूजेच्या सुमारास बंगालची माळराने आणि रेल्वेमार्गांच्या कडा काशफुलांनी पांढऱ्या होतात. मराठीत कास किंवा काशा म्हटले जाणारे हे गवतच आहे. उडताना दिसणारा पांढरा कापूस म्हणजे त्याच्या बियांवरील केस. त्याने डोळ्यांत खाज येते, असे मानले जाते. परंतु ॲलर्जीच्या दृष्टीने महत्त्वाचे परागकण डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते तुरा फुलत असताना, कापूस उडण्याच्या आधीच, हवेत मिसळलेले असतात. याच सुमारास ग्रामीण हावड्यातील अमन भात फुलोऱ्यात येते. एप्रिल-मेमध्ये उडणाऱ्या सावरीच्या कापसाबद्दलही असाच गैरसमज आहे. जे दिसते त्यावर आळ येतो आणि जे दिसत नाही ते सुटते.

सप्तपर्णीचे उदाहरण अधिक गंभीर आहे. बंगालीत छातिम आणि मराठीत सातवीण म्हणूनही ओळखला जाणारा हा वृक्ष पश्चिम बंगालचा राज्यवृक्ष आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याचा उग्र गंध संध्याकाळी दूरवर पसरतो. या गंधाने दम वाढतो, अशी तक्रार कोलकात्याप्रमाणेच पुणे-मुंबईतही दरवर्षी होते आणि झाडे तोडण्याची मागणी पुढे येते. या झाडाचे परागीभवन मुख्यतः कीटकांमार्फत होते. वाऱ्यावर विसंबणाऱ्या गवतासारखे विपुल पराग ते हवेत सोडत नाही. तीव्र गंध काही रुग्णांच्या श्वासमार्गाला चेतवू शकतो, हे खरे. सदाफुलीचे उदाहरण सांगते, की कीटकांवर अवलंबून असलेली वनस्पतीही जवळून त्रासदायक ठरू शकते. मात्र त्याच आठवड्यांत गवताचे पराग, बुरशीचे बीजाणू, फटाक्यांचा धूर आणि थंडीची चाहूल हे सगळे एकत्र हजर असते. यांपैकी त्रासाचे कारण कोणते, हे गंधावरून ठरत नाही. झाडाखालची आणि झाडापासून दूरची काचपट्टी, तसेच रुग्णाची त्वचाचाचणी या तिन्हींतून ते ठरते. त्याअभावी झाड निष्कारण तोडले जाण्याची शक्यता असते आणि रुग्णाचा त्रास जिथल्या तिथे राहतो.

उलट बाजूही आहे. २० मे २०२० रोजी आलेल्या अम्फान चक्रीवादळाने कोलकाता-हावडा परिसरातील आणि शिबपूरच्या उद्यानातील असंख्य झाडे उन्मळून पडली. पुनर्लागवडीत कोणती झाडे घ्यावीत, याचा विचार सावली, मुळांची पकड आणि वाढीचा वेग यांवर होतो. कोणते झाड शहराच्या हवेत काय सोडेल, हाही त्या विचाराचा भाग असायला हवा. पुढची तीस-चाळीस वर्षे नागरिक त्या झाडांसोबत श्वास घेणार असतात.

आकडा कोणाला हवा आहे

जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत, आणि जगातील दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. या मृत्यूंमागे उशिरा होणारे निदान, श्वासावाटे घ्यायच्या औषधांचा अपुरा वापर, धूर, गरिबी अशी अनेक कारणे आहेत. ते सारे परागकणांच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. तरीही ज्या रुग्णांचा दमा परागकणांनी उफाळतो, त्यांच्यासाठी दिनदर्शिका हे औषधाइतकेच उपयोगी साधन आहे. कोणत्या आठवड्यात कोणता पराग चढतो, हे ठाऊक असेल तर औषध आधी सुरू करता येते, सकाळचे फिरणे पुढे ढकलता येते आणि शाळेतील मुलांची काळजी घेता येते.

डॉक्टरांनाही हीच माहिती हवी असते. त्वचाचाचणीत कोणत्या परागांचे अर्क वापरायचे, हे स्थानिक हवेत काय आहे त्यावर ठरायला हवे. उत्तर भारतात वावळ आणि वेड्या बाभळीचे महत्त्व मोठे. बंगालमध्ये ताड-शिंदीच्या वर्गाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. महाराष्ट्रात पावसाळ्यानंतरचे गवत आणि गाजरगवत यांचा विचार अटळ आहे. एका प्रदेशाची यादी दुसरीकडे जशीच्या तशी वापरली, तर चाचणी निर्दोष येते आणि रुग्ण शिंकतच राहतो.

परागकणांची माहिती नसणे प्रसंगी किती महाग पडते, हे ऑस्ट्रेलियातील मेलबर्नने २१ नोव्हेंबर २०१६ रोजी अनुभवले. हवेत रायगवताचे पराग भरपूर असताना गडगडाटी वादळ आले. ओलाव्याने कण फुटून त्यांतील अतिसूक्ष्म अंश श्वासनलिकेत खोलवर गेले. काही तासांत हजारो लोक रुग्णालयांत पोहोचले आणि दहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथील व्हिक्टोरिया राज्याने अशा वादळी दम्याच्या पूर्वसूचनेची व्यवस्था उभारली. चैत्र-वैशाखात बंगालवर कालवैशाखीची वादळे कोसळतात. त्या दिवसांत हावड्याच्या हवेत कोणते पराग किती असतात आणि वादळानंतर रुग्णालयांतील गर्दी बदलते का, या प्रश्नांची उत्तरे रोजच्या नोंदींतूनच मिळू शकतात.

हवामान बदलामुळे हा विषय अधिक निकडीचा झाला आहे. उत्तर अमेरिकेत १९९० ते २०१८ या काळात परागांचा हंगाम सुमारे वीस दिवसांनी लांबल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. असा निष्कर्ष काढता आला, कारण तेथे अनेक केंद्रांवर वर्षानुवर्षे काचपट्ट्या मोजल्या जात होत्या. आज नोंद सुरू केली नाही, तर वीस वर्षांनी बदल झाला की नाही, हे सांगायलाही आधार नसेल. गेलेल्या दिवसाची हवा पुन्हा मोजता येत नाही.

यंत्र येईल, पण कोणाकडून शिकेल?

स्वित्झर्लंडच्या हवामान संस्थेने परागकणांची छायाचित्रे टिपून संगणकाच्या मदतीने ते जवळपास तत्काळ ओळखणाऱ्या स्वयंचलित केंद्रांचे जाळे उभारले आहे. भारतानेही मधले टप्पे गाळून थेट अशी यंत्रे आणावीत, असे कोणी सुचवील. ही सूचना आकर्षक आहे, परंतु अपुरी आहे. संगणक कण ओळखायला शिकतो, तो माणसाने आधी ओळखून नाव दिलेल्या हजारो प्रतिमांवरून. युरोपातील यंत्र भूर्ज, हेझेल आणि तेथील गवत यांवर शिकलेले असते. शिंदी, ताड, वावळ किंवा सदाफुली त्याच्यापुढे आली, तर ते तिला ओळखीच्या एखाद्या नावात कोंबेल, आणि चुकीचा आकडा मोठ्या आत्मविश्वासाने पडद्यावर झळकेल. भारतीय वनस्पतींच्या परागकणांचा खात्रीचा प्रतिमासंग्रह ही स्वयंचलनाची पूर्वअट आहे, आणि तो तयार करण्यासाठी परागतज्ज्ञच लागणार आहेत.

देशात अशा कामाची सुरुवातच नाही, असे मात्र नाही. चंडीगडसाठी पीजीआय आणि पंजाब विद्यापीठातील संशोधकांनी परागदिनदर्शिका तयार केली असून ती २०२२ मध्ये लोकांसमोर आली. विद्यापीठांतून शहरोशहरी एक-दोन वर्षांचे अभ्यास अनेकदा झाले आहेत. अडचण सातत्याची आहे. प्रकल्पाचा निधी संपतो, संशोधक विद्यार्थी पदवी घेऊन पुढे जातो, सापळा गच्चीवर गंजत राहतो. धूलिकणांच्या मापनाला कायद्याचे आणि मंडळाच्या अंदाजपत्रकाचे बळ आहे. परागमापन अजून प्रबंधांच्या आधाराने जगते आहे.

वर्गीकरणशास्त्राची पीछेहाट हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. वनस्पती पाहून नाव सांगू शकणाऱ्यांना महाविद्यालयांत पूर्वीसारखी जागा आणि प्रतिष्ठा उरलेली नाही. या संदर्भात शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे स्मरण उचित ठरते. मालवणात जन्मलेल्या आघारकरांनी कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून दीर्घकाळ अध्यापन केले. पुण्यात १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली आणि तिची धुरा त्यांनी वाहिली. त्यांच्या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या संशोधन संस्थेत पश्चिम भारतातील वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. हुगळीच्या तीरावर जे शक्य आहे, ते मुळा-मुठेच्या तीरावरही शक्य आहे.

करण्याजोगे काय

या विषयात अवाढव्य खर्चाची गरज नाही. हावड्यात एक आणि कोलकात्यात एक असे दोन कायमस्वरूपी सापळे, त्यांच्यासाठी नियमित वेतनावरील परीक्षक, शिबपूरच्या संग्रहाशी जोडलेला संदर्भपट्ट्यांचा संच आणि आठवड्याला प्रसिद्ध होणारी परागसूचना, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्राशेजारीच सापळा बसवला, तर धूर आणि पराग यांच्या एकत्रित परिणामाचाही अभ्यास होईल. काजळी आणि वायुप्रदूषकांमुळे परागकणांची ॲलर्जीकारकता बदलू शकते, हे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. फाउंड्र्यांच्या आणि शिंदीच्याही या जिल्ह्यात तो अभ्यास अन्यत्रपेक्षा अधिक अर्थपूर्ण ठरेल. रुग्णालयांनी श्वसनविकारांच्या दैनंदिन नोंदी नावे वगळून उपलब्ध केल्या, तर कनिंगहॅम यांनी तुरुंगाच्या वहीवरून जो ताळा पाहिला, तो आज योग्य आजारासाठी आणि नीट ओळखलेल्या कणांसाठी पाहता येईल.

यात धोरणकर्त्यांपुढील खरा पेच पैशांचा नसून दृष्टीचा आहे. स्वच्छ हवा म्हणजे केवळ धूर नसलेली हवा, या व्याख्येत झाडे नेहमी उपायाच्या बाजूला असतात. ती त्या बाजूला राहिलीच पाहिजेत. परंतु कोणते झाड, कोठे आणि किती, याचे उत्तर भावनेने दिले, की एका टोकाला सरसकट लागवड आणि दुसऱ्या टोकाला सरसकट तोड, असा झोका सुरू होतो. तो थांबवण्याचे साधन म्हणजे काचपट्टीवरची शांत, रोजची, कंटाळवाणी वाटणारी नोंद. स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या पुढील आराखड्यात तिला स्थान मिळाले, तर पुढल्या शरदात काशफुले डोलू लागतील, तेव्हा हावड्यातील दम्याच्या रुग्णाला हवेत काय आहे याचा अंदाज बांधत बसावे लागणार नाही.